दिवा लागतो तेव्हा काय कळतं?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर जोडला की पडद्यावर ‘पी ०४२०’ उमटतं, आणि गाडीदुरुस्तीच्या धंद्यात पुष्कळांचा निकाल तिथेच लागतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवा टाका. गिऱ्हाइकाला सांगितला जाणारा आकडा मोठा असतो, कारण सायलेन्सरच्या नळीतल्या त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. कोड मात्र एवढंच सांगतो, की उत्प्रेरकाची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे असा गाडीच्या संगणकाचा निष्कर्ष आहे. संगणकाने ही गोष्ट पाहिलेली नाही. त्याने तिचं अनुमान केलं आहे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठाम बोलण्याचा अधिकार माणसाला कधी मिळतो, हा प्रश्न आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं फार कसून विचारला गेला. मला तो गाडीखाली पाठीवर झोपून रोज विचारावा लागतो.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात आमचं गॅरेज आहे, वडिलांनी काढलेलं. कॉलेजात मी बी.ए.ला संस्कृत घेतलं आणि तिथे अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ अभ्यासाला होता. आठल्ये आणि बोडस यांची इंग्रजी टिपांची जाडजूड आवृत्ती सरांच्या हातात असायची. सकाळी वर्गात ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे’, आणि दुपारी वडिलांच्या हाताखाली कार्ब्युरेटर. सर म्हणायचे, हे परीक्षेपुरतं पाठ करू नका. दिवसभर तुम्ही न बघता जे बोलता, ते तपासायला हे शास्त्र आहे. वडिलांनी ‘तर्कसंग्रह’ कधी उघडलाही नाही, पण आवाज ऐकून निदान सांगणाऱ्या मिस्त्रीला ते उलट विचारायचे, “असाच आवाज आणखी कशाने येतो, सांग बघू.” दोन्हीकडे मला एकच गोष्ट शिकवली जात होती.

न्यायदर्शनातली एक गोष्ट मात्र बरीच वर्षं माझ्या मनात अडकून राहिली. गौतमाच्या न्यायसूत्रांचं पहिलंच सूत्र असं सांगतं, की प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन, दृष्टांत, तर्क, निर्णय, वाद, हेत्वाभास अशा सोळा पदार्थांचं खरं ज्ञान झालं की निःश्रेयस मिळतं, म्हणजे परमकल्याण, मोक्ष. माझी आई मंगळवार-शुक्रवार अंबाबाईला जायची, आषाढी-कार्तिकीला उपास धरायची. कल्याणाचा रस्ता भक्तीतून जातो, हे आमच्या घरात कुणी सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती. मग हा ऋषी संशयाची आणि फसव्या हेतूंची यादी हातात देऊन मोक्षाचं आश्वासन कसं देतो? अनुमान नीट करण्यात असं पवित्र काय आहे? माझ्यापुरतं याचं उत्तर मला मिळालं आहे, आणि पी ०४२० बाजूला ठेवून ते मला सांगता येत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची एक वीट असते, आरपार बारीक नळ्यांची जाळी असलेली. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरबरीत थर आणि त्या थरात मौल्यवान धातूंचे अतिसूक्ष्म कण. सगळे मिळून काही ग्रॅम. इंजिनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल यांचा इथे ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. नायट्रोजनची ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन सुटतो. त्यासाठी वीट अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहावं लागतं. पेट्रोल जास्त झालं तर ऑक्सिजन कमी पडतो, हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं फुटत नाहीत. ही ओढाताण सांभाळायला थरात सिरियम ऑक्साइड घातलेलं असतं. हवा जास्त असेल तेव्हा ते ऑक्सिजन धरून ठेवतं, कमी पडला की सोडतं.

संगणकाचं सगळं अनुमान या सिरियमवर उभं आहे. कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. पुढचा सेन्सर साध्या प्रकारचा असेल तर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा वरखाली होत असतो, कारण संगणक मिश्रण थोडं इकडे, थोडं तिकडे करतच राहतो. (नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, आलेख वेगळा दिसतो, तत्त्व तेच.) कन्व्हर्टर धडधाकट असेल तर ऑक्सिजनची ही चढउतार त्याच्या पोटातच जिरते आणि मागच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सपाट चालते. ती पुढच्यासारखी नाचायला लागली की संगणक म्हणतो: ऑक्सिजन साठवायची ताकद गेली, ती गेली म्हणजे विषारी वायू आवरायची ताकदही गेली, म्हणून हा कन्व्हर्टर निकामी. सलग दोन फेऱ्यांत हेच दिसलं की तो दिवा लावतो.

न्यायातल्या पाच अवयवांत हे तंतोतंत बसतं. प्रतिज्ञा: हा कन्व्हर्टर निकामी आहे. हेतू: कारण मागची रेघ नाचते. उदाहरण: जिथे मागची रेघ नाचते तिथे कन्व्हर्टर निकामी असतो, जसा कारखान्याने चाचणीसाठी मुद्दाम तापवून म्हातारा केलेला कन्व्हर्टर. उपनय: या गाडीतही तसंच दिसतं. निगमन: म्हणून हा निकामी. ज्या अभियंत्यांनी हे अनुमान रचलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. विषारी वायू मोजणारं यंत्र प्रत्येक गाडीत बसवणं परवडलं नसतं, म्हणून त्यांनी हाताशी असलेल्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत जायची वाट पाडली.

पण नैयायिकांनी घाम गाळला तो तिसऱ्या अवयवावर. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे बरोबर. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे चूक, आणि ते का चूक हे त्यांनी लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्याने दाखवलं. गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला अग्नीबरोबर ओलं सरपण लागतं. मध्ये लपलेल्या अशा अटीला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी निघाली की अनुमान कोसळतं. दुसरा धोका याहून साधा: पर्वतावर दिसला तो धूर नव्हताच, धुकं होतं. उपाधीची शास्त्रातली व्याख्या मी इथे वापरतो त्याहून बरीच काटेकोर आहे. ज्यांना ती हवी त्यांनी भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडावा. माझ्या कामाला तिचा गाभा पुरतो. मागची रेघ नाचली म्हणजे कन्व्हर्टर गेला, हे खरं कधी? नळीत बाहेरची हवा शिरत नसेल, इंजिन मिसिंग करत नसेल, मिश्रण ठिकाणावर असेल, सेन्सर स्वतः शाबूत असेल, तेव्हा. या अटी दिव्यावर लिहिलेल्या नसतात. त्या शोधणं हेच मिस्त्रीचं काम.

गडहिंग्लजच्या एका निवृत्त शिक्षिकेची गाडी अशीच आली होती. दुसरीकडे त्यांना कन्व्हर्टर बदलायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, “मिस्त्री, मला यातलं काही कळत नाही. बदलायचाच असेल तर बदला. पण तो का गेला, एवढं तरी मला सांगाल का?” असं विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. कोड पडला त्या क्षणी गाडीच्या मेंदूने जपून ठेवलेली नोंद, म्हणजे फ्रीज फ्रेम, मी आधी पाहिली: वेग कमी, इंजिनावर भार हलका. मग इंजिन पूर्ण गरम करून दोन्ही सेन्सरचे आलेख एकाखाली एक लावले. आयडलिंगला मागची रेघ सारखी खाली कोसळत होती, म्हणजे तिथे ऑक्सिजन जास्त दिसत होता. रेस धरून फेरे अडीच हजारांवर नेले की तीच रेघ वर येऊन स्थिर व्हायची.

इथे मी थांबलो. कन्व्हर्टर खरोखर थकलेला असता तर उलटं घडायला हवं होतं. वायूचा लोंढा वाढल्यावर दुबळा कन्व्हर्टर आधी हरतो. हा तर लोंढ्यात सावरत होता. बाहेरची हवा मात्र आयडलिंगलाच जास्त ओढली जाते, कारण तेव्हा नळीतला दाब दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फट असेल तर तिथून हवा आत घुसते. थंड इंजिनावर स्मोक मशीन लावलं आणि सायलेन्सरच्या शेपटीकडून नळीत धूर भरला. थोड्या वेळात कन्व्हर्टरच्या तोंडाशी असलेल्या फ्लँजमधून, पुढच्या सेन्सरच्या जरा मागून, पांढरी बारीक रेघ निघाली. गॅस्केट जळून तिथे फट पडली होती. पर्वतावरच्या धुराने अग्नी सिद्ध होतो; या धुराने कन्व्हर्टर निर्दोष असल्याचं सिद्ध झालं. गॅस्केट बदललं, स्टड नवे टाकले, आयडलिंगला मागची रेघ सपाट झाली.

आता कुणी म्हणेल, एवढं अनुमान करत बसण्यापेक्षा आत डोकावून का बघत नाही? बघतोही. सेन्सर काढून त्या भोकातून कॅमेरा आत घालता येतो. वीट वितळली असेल, फुटली असेल, काजळीने बुजली असेल तर दिसते. पण विषबाधा दिसत नाही. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त त्या थरावर बसतं आणि धातूचे कण झाकून टाकतं. चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलं तर त्यातलं सिलिकॉनही तेच करतं. शिसं तर सगळ्यांत वाईट. म्हणूनच १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तेव्हा त्याच्यासोबत बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. असा विषबाधा झालेला कन्व्हर्टर कॅमेऱ्यात स्वच्छ, सुंदर दिसतो. तेव्हा प्रत्यक्षाकडे बघून हायसं वाटून घेऊ नये. डोळ्याला जाळी दिसते, ताकद दिसत नाही. ताकदीचं अनुमानच करावं लागतं. चार्वाकांनी अनुमान नाकारलं, कारण जिथे धूर तिथे अग्नी हे सगळ्या काळी, सगळ्या जागी कुणी पाहिलं आहे? आक्षेप खरा आहे. पण तो धरून बसलं तर विषबाधेने मेलेल्या कन्व्हर्टरबद्दल कधीच काही बोलता येणार नाही, आणि तो विष ओकत राहील.

माझ्याकडे शिकायला असलेला पोरगा हुशार आहे आणि त्याला शंका फार. सेन्सरच खोटं बोलत असेल तर? वायरिंगला गंज असेल तर? संगणकातलं सॉफ्टवेअरच चुकत असेल तर? (हेही घडतं. मर्यादा फार कडक ठेवल्यामुळे धडधाकट कन्व्हर्टरवर कोड पडतो आणि कंपनी सॉफ्टवेअर सुधारून देते.) मी त्याला शंकेबद्दल कधी रागावत नाही. वात्स्यायनाने भाष्यात म्हटलंच आहे, की अजिबात माहीत नसलेल्या किंवा पक्क्या ठरलेल्या गोष्टीवर न्याय चालत नाही. जिथे संशय आहे तिथे चालतो. मग संशयाला शेवट कुठे? दहाव्या शतकाच्या सुमाराला उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याचं दिलेलं उत्तर मला अजूनही चकित करतं. त्यांचा आशय असा, की शंका तिथवरच घ्यावी जिथवर ती तुमच्या स्वतःच्या वागण्याच्या आड येत नाही. धूर हवा असला की जो माणूस मुकाट्याने अग्नी पेटवायला जातो, त्याने धूर-अग्नीच्या संबंधावर शंका घेणं म्हणजे स्वतःच्याच कृतीला नाकारणं.

मी पोराला हे असं दाखवतो. सेन्सरवर शंका आहे ना? मग त्याची परीक्षा घे. एकदम रेस दे. मिश्रण दाट होईल, मागची रेघ वर गेली पाहिजे. झटकन रेस सोड. पेट्रोल बंद होईल, रेघ शून्याकडे आली पाहिजे. परत रेस दे आणि बघ, रेघ वर यायला किती उशीर लावते. कन्व्हर्टरमध्ये ताकद असेल तर त्याने मघाशी भरून घेतलेला ऑक्सिजन आधी खर्च होईल, म्हणून रेघ उशिरा उठेल. ताकद नसेल तर पुढच्या सेन्सरच्या पाठोपाठ लगेच उठेल. एवढं तपासल्यावरही ‘कुणास ठाऊक’ म्हणणारा माणूस त्याच सेन्सरच्या भरवशावर चाललेली गाडी घेऊन घरी जातो. त्याची शंका तिथे संपली पाहिजे.

न संपणाऱ्या शंकेचा एक व्यापारी प्रकार आहे आणि तो मला फार खुपतो. ‘सेन्सर बदलून बघू, नाही गेलं तर कॉइल बदलू, मग कन्व्हर्टर टाकू.’ दिसायला ही नम्रता, की मला खात्री नाही बाबा. पण खात्री करून घेण्याचे कष्ट टाळून त्या अज्ञानाचं बिल दुसऱ्याच्या नावाने फाडणं याला नम्रता म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या सूत्राकडे येतो, कारण माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. गौतम तिथे पाच गोष्टींची साखळी मांडतो: दुःख, जन्म, प्रवृत्ती, दोष आणि मिथ्याज्ञान. यातली पुढची पुढची गेली की तिच्या आधीची जाते. मिथ्याज्ञान गेलं की राग-द्वेषासारखे दोष जातात, दोष गेले की त्यांनी ढकललेली प्रवृत्ती थांबते, ती थांबली की जन्म, आणि जन्म नाही म्हणजे दुःख नाही. दुःखावर थेट हात घालायची सोय त्या साखळीत नाहीच. दुरुस्ती करायची ती शेवटच्या कडीला.

वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी गाडीच्या, धंद्यातला एक तरुण ड्रायव्हर आला होता. त्याच्या गाडीला दुसऱ्या एका ठिकाणी नवा कन्व्हर्टर बसवला होता आणि वर्षाच्या आत तोही गेला होता. त्याचं म्हणणं, पार्ट बनावट निघाला. बनावट पार्ट बाजारात असतात, नाही असं नाही. पण रसायनशास्त्राची एक गोष्ट इथे विसरून चालत नाही: उत्प्रेरक क्रिया घडवतो, स्वतः तीत खर्च होत नाही. तो म्हातारा होतो, पण एका वर्षात मरायला त्याला कुणीतरी मारावं लागतं. मी विचारलं, “दिवा कधी लुकलुकला होता का?” तो म्हणाला, “व्हय की. घाट चढताना लुकलुकायचा, सपाटीला आल्यावर थांबायचा. म्हणून काय मनावर घेतलं न्हाई.” स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत मोठा फरक आहे, आणि तो प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असला पाहिजे. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन इतकं मिसिंग करतं आहे, की न जळलेलं पेट्रोल सरळ कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आहे. अशा वेळी रेस कमी करायची आणि गाडी बाजूला घ्यायची. विटेचं तापमान हजार अंशांच्या वर जातं, धातूचे कण एकमेकांना चिकटून गोळा होतात, शेवटी वीटच वितळते.

मग साखळी मागे मागे उलगडत गेलो. वीट का वितळली? पेट्रोल आत जळलं म्हणून. पेट्रोल का आलं? एका सिलिंडरची ठिणगी भाराखाली तुटत होती म्हणून. ठिणगी का तुटली? कॉइलचं रबरी बूट ऑइलने भिजून सडलं होतं. ऑइल प्लगच्या विहिरीत कुठून आलं? टॅपेट कव्हरचं गॅस्केट कडक होऊन गळत होतं. शेवटची कडी सगळ्यांत स्वस्त होती. ती तशीच ठेवून वरची सगळ्यांत महाग कडी आधी बदलली गेली होती. आणखीही कितीदा बदलता आली असती, दर वेळी ती जळली असती.

गाडीच्या साखळीत चुकीचं ज्ञान गाडीला झालेलं नव्हतं. ते माणसाला झालं होतं: दिवा म्हणतो कन्व्हर्टर, म्हणजे कन्व्हर्टर. आणि त्या मिथ्याज्ञानाचं दुःख ज्याला ते झालं त्याच्या वाट्याला आलंच नाही. ते गेलं ड्रायव्हरच्या वाट्याला, ज्याने गाडीचा हप्ता थकवून पैसे भरले. आणि त्याच्यापलीकडे, घाटात त्याच्या मागे चाललेल्या माणसांच्या फुफ्फुसांत. मला वाटतं, सोळा पदार्थांच्या ज्ञानाला मोक्षाशी जोडताना गौतमाला हे दिसत असावं. आपण चुकीचं जाणतो तेव्हा ती आपली खाजगी बाब राहत नाही. तिथून दुःखाची साखळी सुरू होते आणि ती कुणापर्यंत जाईल ते आपल्या हातात उरत नाही. म्हणून नीट अनुमान करणं मला भक्तीपासून फार लांब वाटत नाही. आई देवळात जायची तेव्हा घरातल्या, गल्लीतल्या सगळ्यांचं भलं मागायची. स्कॅनरवरचा कोड वाचून लगेच तोंड न उघडणं, हीही सगळ्यांचं भलं मागायचीच रीत आहे.

आणि म्हणूनच धंद्यातल्या एका गोष्टीवर मी अजिबात तडजोड करत नाही. मागच्या सेन्सरच्या बुडाशी एक छोटा धातूचा तुकडा बसवतात, स्पेसर. त्याने सेन्सर नळीच्या बाहेर ओढला जातो, त्याच्यापर्यंत वायू कमी पोचतो, रेघ सपाट होते, दिवा विझतो. कन्व्हर्टर मेलेला तो मेलेलाच. कुणी संगणकात रिमॅप करून हा कोडच पुसून टाकतात. कुणी तर आतली वीट फोडून काढतात आणि धातू भंगारात विकून रिकामा डबा परत बसवतात. पीयूसीच्या नळीत यातलं सगळं पकडलं जाईल या भ्रमात कुणी राहू नये. तिथे पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन उभ्या जागी मोजलं जातं. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मोजणी होतच नाही.

शब्द हे प्रमाण कधी मानायचं, याचं न्यायाचं उत्तर आहे: तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट नीट कळलेली आहे आणि जी कळली ती तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन पुढे म्हणतो, की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू आहे. हे वाक्य मला फार जवळचं. खरं सांगण्याचा अधिकार जन्माने मिळत नाही, म्हणजे गाडीखाली झोपलेला मिस्त्रीही आप्त होऊ शकतो. आणि मी म्हणेन, तो दिवाही. त्याला मर्यादेपुरतं कळतं आणि कळलेलं तो न लपवता सांगतो; जगातल्या पुष्कळ माणसांबद्दल एवढंही म्हणता येत नाही. त्याच्या अनुमानात खोट असेल तर ती शोधणं माझं काम. पण स्पेसर बसवणारा त्याची चूक सुधारत नाही, त्याची जीभ कापतो.

हे छोट्या गॅरेजांतच चालतं असं समजू नका. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली, तेव्हा कळलं की त्यांच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जायची. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या. जगातली उत्तम अभियांत्रिकी साक्षीदार फोडायला राबली होती.

त्या वडापवाल्या पोराने स्पेसरच मागितला होता. “मालक, दिवा घालवा फक्त. पैसं न्हाईत.” त्याला पैसे नव्हते हे खरं, आणि त्याला पापी म्हणायची माझी हिंमत नाही. मी त्याला ताराराणी चौकातल्या सिग्नलचं सांगितलं. तिथे त्याच्या सायलेन्सरमागे दुचाकीवर एखादी बाई उभी असते आणि तिच्यापुढे फूटबोर्डवर तिचं पोर, बरोबर नळीच्या उंचीला. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्या पोराजवळ स्कॅनर नाही, दिवा नाही. त्याच्या वतीने बोलणारा गाडीत एकच आहे, आणि त्यालाच गप्प करायचं तू मला सांगतोस. ड्रायव्हर गप्प राहिला. मग आम्ही आधी गॅस्केट आणि कॉइलचं काम केलं, कारण ते स्वस्त होतं आणि त्याच्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ होतं. कन्व्हर्टर हप्त्यांवर बसवायचं ठरलं. सगळेच असं ऐकत नाहीत. काही जण मान हलवून दुसरीकडे जातात आणि दिवा विझवून घेतात. ते मला थांबवता येत नाही, पण त्यात माझा हात नसतो.

दुरुस्ती झाली म्हणजे निर्णय झाला, असंही नाही. गौतमाच्या व्याख्येत पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही तोलून अर्थ ठरवला तर तो निर्णय. स्कॅनरने कोड पुसला की दिवा जातो, पण गाडीने अजून काही तपासलेलं नसतं. तपासणीची खाती ‘अपूर्ण’ दाखवत असतात. त्या अवस्थेत किल्ली देणं मला पटत नाही. मी गाडी घेऊन हायवेने कागलपर्यंत जातो, एकाच वेगात बराच वेळ चालवतो, मध्ये रेस सोडून देतो, परत येतो. संगणकाला त्याचं अनुमान पुन्हा पहिल्यापासून करू देतो. कन्व्हर्टरच्या खात्यासमोर ‘पूर्ण’ आलं आणि कोड आला नाही, तरच बिल करतो. बिलावर कोड लिहितो, कारण लिहितो, आणि कोणकोणत्या शंका तपासून बाजूला ठेवल्या तेही लिहितो.

गडहिंग्लजच्या बाईंनी ते बिल चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, “गॅस्केट जळलं म्हणता. ते कशाने जळलं?” मी जुना स्टड काढून दाखवला: गंजून नट ढिला झाला होता, फ्लँज एका बाजूने उचलली गेली होती आणि गरम वायू तिथून गॅस्केट कुरतडत होता. त्यांनी स्टड हातात घेऊन पाहिला, आणि नट गंजला तो पावसाच्या पाण्याने की गाडी बरेच दिवस उभी होती म्हणून, असं विचारायला सुरुवात केली.